‘कमेन्शरेट’ लिहिण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नोकरीच्या अर्जाचा मसुदा वाचला. बाकी मजकूर नेटका आहे, पण शेवटी ‘माय सॅलरी शुड कमेन्शरेट अ‍ॅज पर माय एक्सपिरिअन्स’ असं लिहिलं आहेस. या एका वाक्यात दोन चुका आहेत. दोन्ही मराठी माणसाच्या हातून हमखास होतात, म्हणून आज फक्त ‘कमेन्शरेट’ (commensurate, म्हणजे ‘च्या प्रमाणात’) या शब्दाबद्दल लिहीत आहे.

पहिली चूक व्याकरणाची. ‘कमेन्शरेट’ हे विशेषण आहे, क्रियापद नाही. क्रिएट, कॅल्क्युलेट, डोनेट या क्रियापदांच्या सवयीने शेवटचा ‘एट’ आपल्याला फसवतो. विशेषणाला ‘बी’चा आधार लागतो, म्हणून ‘शुड बी कमेन्शरेट’. उच्चारातूनही हा फरक कळतो. ‘सेपरेट’ क्रियापद असलं की शेवट ‘रेट’ असा लांब होतो, विशेषण असलं की ‘रिट’ असा आखूड. इथेही तसंच: क-मेन्-श-रिट, आणि जोर ‘मेन्’वर. देवनागरीत ‘रेट’ लिहितात म्हणून मीही तेच लिहीत आहे, पण मुलाखतीत तोंडातून ‘रिट’च येऊ दे. स्पेलिंगमध्ये एम दोन, एस एक.

दुसरी चूक ‘अ‍ॅज पर’ची. ‘अनुभवाप्रमाणे’ हे मनात आधी येतं आणि त्यातल्या ‘प्रमाणे’चं भाषांतर होऊन बसतं. पण ‘च्या प्रमाणात’ हा अर्थ ‘कमेन्शरेट’मध्येच आहे. त्याच्यापुढे फक्त ‘विथ’ येतं: ‘कमेन्शरेट विथ माय एक्सपिरिअन्स’. ‘टू’ही अधूनमधून वाचायला मिळेल, पण ‘विथ’च धर. याच्या उलट अर्थाच्या ‘डिसप्रपोर्शनेट’ला मात्र ‘टू’ लागतं. 1988च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ‘डिसप्रपोर्शनेट टू हिज नोन सोर्सेस ऑफ इन्कम’ असे शब्द आहेत. मराठी वर्तमानपत्रं ज्ञात उत्पन्नाशी मेळ नसलेल्या अशा मालमत्तेला ‘अपसंपदा’ किंवा ‘बेहिशेबी मालमत्ता’ म्हणतात. एका बाजूला ‘विथ’ आणि दुसऱ्या बाजूला ‘टू’, ही जोडी एकत्रच पाठ कर.

आता अर्थ. शब्द लॅटिनमधला आहे: ‘कॉम’ म्हणजे सोबत, ‘मेन्सुरा’ म्हणजे माप. एकाच मापाने मोजलेलं. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘मा’ धातूचं मूळ एकच आहे, म्हणजे आपली मात्रा, मान, प्रमाण हे त्याचे दूरचे नातलग. ‘इमेन्स’ही त्याच घरातला, त्याची फोड केली तर नेमका आपला ‘अमाप’ निघतो. हे नातं लक्षात राहिलं की शब्दाचा गाभा हातून सुटत नाही. इथे कायम दोन गोष्टी असतात आणि दोन्ही कमीजास्त होऊ शकतात. एक वाढली की दुसरीही त्या बेताने वाढायला हवी. पगार आणि अनुभव, शिक्षा आणि गुन्ह्याचं गांभीर्य, अधिकार आणि जबाबदारी, मोबदला आणि जोखीम अशा जोड्या त्याला शोभतात. ‘कमेन्शरेट विथ द डेट ऑफ जॉइनिंग’ चालत नाही, कारण तारीख कमीजास्त होणारी गोष्ट नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणजे खर्च मिळकतीशी ‘कमेन्शरेट’ ठेवावा. ‘इक्वल’ आणि याच्यात फरक आहे. पाय अंथरुणाइतकेच लांब असायची गरज नाही, अंथरुणात मावले म्हणजे झालं.

ताडून बघायला मराठीत ‘जितकं... तितकं’ किंवा ‘च्या प्रमाणात’ घालून वाक्य म्हण. ‘च्या मानाने’ घालू नकोस. शब्दकोशात ‘मान’ पाहून तो मोह होतो, पण ‘वयाच्या मानाने उंच’ म्हणजे वयाकडे पाहून वाटली नसती इतकी उंची. म्हणजे दोन गोष्टींचा मेळ नाही, तफावत दाखवली जाते. तिथे इंग्रजीत साधं ‘टॉल फॉर हिज एज’ म्हणतात.

वाक्यातल्या जागेकडेही लक्ष दे. बहुधा हा शब्द नामाच्या मागून येतो: ‘अ सॅलरी कमेन्शरेट विथ एक्सपिरिअन्स’. नामाच्या आधी तो तेव्हाच बसतो, जेव्हा जोडीतली पहिली गोष्ट आधीच सांगून झालेली असते: ‘द वर्कलोड हॅज डबल्ड विदाउट अ कमेन्शरेट इन्क्रीज इन पे’. काम दुप्पट झालं हे आधी आलं, म्हणून ‘विथ’ लागलं नाही. ते आधी आलं नसतं, तर कशाच्या प्रमाणात हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात लोंबकळत राहिला असता.

नोकरीची जाहिरात, करारनामा, निकालपत्र, अहवाल ही या शब्दाची ठिकाणं. मित्राला संदेश पाठवताना तो घालू नकोस, जड वाटेल. जाहिरातीत ‘सॅलरी कमेन्शरेट विथ एक्सपिरिअन्स’ दिसलं, तर आकडा अजून बोलून ठरायचा आहे असं समज आणि स्वतःचा आकडा तयार ठेवून जा.

तुझ्या अर्जापुरती आणखी एक अडचण आहे. ही पहिलीच नोकरी असेल, तर अनुभवाशी प्रमाण जोडणं तुझ्याच तोट्याचं, कारण अनुभव शून्य धरला जाईल. त्याऐवजी असं लिही: ‘आय एक्स्पेक्ट अ सॅलरी कमेन्शरेट विथ माय क्वालिफिकेशन्स अँड द रिस्पॉन्सिबिलिटीज ऑफ द पोझिशन’.

येत्या आठवड्यात खऱ्या जाहिरातींतून या शब्दाची दहा वाक्यं उतरवून घे. प्रत्येकात कशाचं प्रमाण कशाशी जोडलं आहे, त्या दोन गोष्टींखाली रेघ मार. मग स्वतःची पाच वाक्यं लिही, त्यातलं एक तरी नामाआधी शब्द येणारं असू दे. अर्ज शनिवारपर्यंत माझ्याकडे पाठवलास, तर सोमवारी जाण्याआधी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालता येईल.

तुझे,
सर