यूएफडब्ल्यूच्या यादीत बंद असलेला पोर्ट ५४३२ बाहेरून उघडा असू शकतो

आपण लिहिले आहे की संस्थेच्या उबुंटू सर्व्हरवर केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस सगळा सीपीयू खाते, मारली तरी काही मिनिटांत पुन्हा उभी राहते, डॉकरच्या (प्रत्येक सॉफ्टवेअर 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) कंपोज फाइलमधला, म्हणजे ते कप्पे कसे उभारायचे हे लिहिलेल्या फाइलमधला, पोस्टग्रेस या डेटाबेसचा पासवर्ड बदलूनही फरक पडलेला नाही आणि यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलच्या यादीत २२, ८० व ४४३ यांखेरीज एकही पोर्ट उघडा नाही. मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा सर्व्हर सांभाळतो आणि चार वर्षांपूर्वी अगदी याच जागी अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. अपडेट वेळच्या वेळी करणे, एसएसएचला (दुरून सर्व्हरवर शिरण्याची सुरक्षित वाट) पासवर्डऐवजी की वापरणे वगैरे आपण केलेलेच असेल असे धरतो.

आधी ती प्रोसेस ओळखून घ्या. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, स्वतःचा केडेव्हटीएमपीएफएस नावाचा थ्रेड असतो. त्याच्या नावाला शेवटी एक आय जोडून हा क्रिप्टो मायनर, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन कमावणारा प्रोग्रॅम, लपतो. पीएसच्या यादीत कर्नलचे थ्रेड चौकटी कंसात दिसतात, हा तसा दिसत नाही. त्याच्या जोडीला किन्सिंग नावाची दुसरी प्रोसेस असते आणि पहिली मेली की ती पुन्हा सुरू करते. माझ्या उबुंटू २०.०४ वर टॉपमध्ये या प्रोसेसचा मालक म्हणून सिस्टमडी-कोअरडंप असे नाव दिसत होते, आणि त्या नावाच्या मागे लागून मी अर्धी रात्र सिस्टमडीच्या (उबुंटूच्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) फाइली चाळल्या. खरा प्रकार वेगळाच होता. पोस्टग्रेसच्या डेबियनवर आधारित अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) पोस्टग्रेस या यूझरचा क्रमांक ९९९ असतो आणि माझ्या यंत्रावर ९९९ हा क्रमांक सिस्टमडी-कोअरडंपला दिलेला होता. यंत्र फक्त क्रमांक पाहते आणि आपल्या यादीतले नाव दाखवते. आपल्याकडेही मालक असा अनोळखी दिसत असेल, तर लागण पोस्टग्रेसच्या कंटेनरमधून झाली आहे असे समजायला पुष्कळ जागा आहे.

आता ज्या चुकीची मला सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती सांगतो. सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या लॅपटॉपवरून टेबले पाहता यावीत म्हणून कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या खाली '५४३२:५४३२' अशी ओळ घातली होती (५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट). ती ओळ मी वाचली होती, पण यूएफडब्ल्यू ५४३२ अडवतो आहे या समजुतीने तशीच राहू दिली. यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम आयपीटेबल्सच्या (लिनक्समध्ये पॅकेटांचे नियम ठेवणारी यंत्रणा) इनपुट साखळीत, म्हणजे खुद्द यंत्रासाठी आलेल्या पॅकेटांच्या वाटेवर बसतात. डॉकर मात्र नॅटच्या टेबलमध्ये, त्याच्या कितीतरी आधी, पॅकेटचा पत्ता बदलून त्याला कंटेनरकडे वळवतो. ते पॅकेट फॉरवर्डच्या वाटेने जाते आणि यूएफडब्ल्यूच्या त्या नियमांना भेटतच नाही. यादी खोटे बोलत नाही, ती फक्त तिच्या वाटेपुरते सांगते. हे मला कळायला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत मी तीन वेळा कंटेनर काढून नवा उभा केला, तोही त्याच फाइलवरून, त्याच ओळीसह.

पासवर्ड बदलूनही उपयोग का होत नाही, तेही याच ओघात पाहा. पोस्टग्रेसची इमेज कंपोज फाइलमधला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच वाचते. जुना व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर जपलेला डेटा) तसाच जोडलेला असेल, तर फाइलमध्ये काहीही लिहा, डेटाबेसला जुनाच पासवर्ड चालतो. माझा जुना पासवर्ड 'पोस्टग्रेस' हाच होता. तो डेटाबेसमध्ये शिरून, सुपरयूझरचा (सर्व अधिकार असलेल्या यूझरचा) पासवर्ड बदलण्याची आज्ञा देऊनच बदलावा लागतो. सुपरयूझर हाती लागला की पुढचे सोपे असते, कारण पोस्टग्रेस ९.३ पासून कॉपीच्या आज्ञेला प्रोग्रॅम जोडून सर्व्हरवर शेलची कोणतीही आज्ञा चालवता येते. ही सोय आहे, दोष नाही. पण म्हणूनच ॲप्लिकेशनने सुपरयूझर म्हणून जोडले जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्यात होस्टिंग कंपनीच्या मदत कक्षाने जे केले ते मी अजून विसरलेलो नाही. कंपनीचे नाव घेत नाही. आमच्या सर्व्हरवरून इतर यंत्रांची चाचपणी होते अशी तक्रार त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी नेटवर्क तोडले, ते योग्यच होते. परंतु त्यांनी रेस्क्यू कन्सोलही बंद केला आणि 'मूळ कारणाचा लेखी अहवाल दिल्याशिवाय कन्सोल सुरू होणार नाही' असे कळवले. ज्या यंत्रात पाहायचे तेच बंद असताना कारण कुठून शोधायचे, हे मी तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा तिकीट बंद करण्यात आले. नेटवर्क तुटण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना विचारले होते की तुमच्या बाजूने ५४३२ उघडा दिसतो का. उत्तर आले, 'फायरवॉल ही ग्राहकाची जबाबदारी आहे.' एका मिनिटाची तपासणी त्यांनी केली असती तर पुढचे काहीच घडले नसते. नऊ दिवस वाचनालयाचे वर्गणीचे काम कागदी वहीवर चालले, आणि ज्येष्ठ सभासद भर उन्हात दोन-दोन खेपा घालत होते.

आपल्याला करायचे ते असे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये वेगळा फायरवॉल असेल तर ५४३२ तिथे लगेच बंद करा, कारण तो यंत्राच्या बाहेर असल्यामुळे डॉकर त्याला वळसा घालू शकत नाही. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे खरोखर बाहेरून, एनमॅपने (पोर्ट उघडे आहेत का ते पाहणारे साधन) ५४३२ तपासा. सर्व्हरवर बसून केलेली तपासणी या कामी चालत नाही. कंटेनर काढण्यापूर्वी त्याचे लॉग (कामाच्या नोंदी) दुसरीकडे उतरवून घ्या आणि डॉकर डिफ चालवून कोणत्या फाइली नव्याने आल्या ते पाहा. माझे लॉग कंटेनरबरोबरच गेले आणि नेमके कोण कधी आले हे मला कधीच कळले नाही. पोर्टची ओळ पूर्ण काढून टाका. एकाच कंपोज नेटवर्कमधले कंटेनर सेवेच्या नावाने एकमेकांशी बोलतात, त्यांना ती लागत नाही. यंत्रावरूनच डेटाबेस पाहायचा असेल तर ती ओळ काढण्याऐवजी तिच्यातल्या आकड्यांच्या आधी '१२७.०.०.१:' लिहा आणि एसएसएचच्या बोगद्यातून या. डॉकरचे आयपीटेबल्स बंद करण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सुचवलेला दिसेल. तो करू नका, कंटेनरांचे नेटवर्कच बिघडण्याची शक्यता असते.

सर्व्हर साफ करून वापरावा की नवा घ्यावा, यावर मतभेद आहेत. माझे मत नव्याच्या बाजूचे आहे. लागण कंटेनरपुरती राहिली असेलही, पण ते सिद्ध करण्यात जाणाऱ्या वेळात नवे यंत्र उभे राहते. डेटाचा डंप (डेटाबेसमधून काढलेली प्रत) घ्या, व्हॉल्यूम उचलून नेऊ नका, आणि डंपमध्ये आपण न लिहिलेली फंक्शने व डेटाबेसमध्ये अनोळखी रोल (डेटाबेसचे यूझर) आहेत का ते डोळ्यांखालून घाला. कंटेनरला दिलेले सगळे पासवर्ड, ईमेल पाठवण्याचासुद्धा, फुटले असे धरून बदला.

मी वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून घेऊ नका. परंतु सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्याची आणि लॉग १८० दिवस ठेवण्याची तरतूद आहे. आपल्या संस्थेला ती कितपत लागू होते हे जाणकाराला विचारा. सभासदांचे फोन क्रमांक त्या डेटाबेसमध्ये असतील तर त्यांना कळवा. आम्ही सूचना फलकावर साध्या शब्दांत लिहून लावले होते आणि कोणीही रागावले नाही.

पुढचे काही करण्याआधी डॉकर पीएसमधला पोर्टचा रकाना येथे जसाच्या तसा उतरवा, फक्त सर्व्हरचा पत्ता झाकून. तिथे ५४३२ च्या आधी ०.०.०.० दिसले, तर दार तेच आहे.