टी पेशी ओळखतात, तरी गाठी का वाढतात?

प्रश्न : भावाच्या मानेतली एकच गाठ काढली. बायॉप्सीत ‘कॅसलमन डिसीज’ आलं. हा कॅन्सर आहे का?

उत्तर : कॅन्सरमध्ये याची गणना होत नाही. लसिका ग्रंथींचा हा दुर्मीळ आजार बोस्टनचे डॉ. बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये नोंदवला. गाठ एकाच जागी असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

प्रश्न : मलाही हाच आजार आहे, पण माझ्या गाठी अनेक ठिकाणी आहेत. एचआयव्हीची औषधं नियमित घेतो, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या टी पेशींची रक्तातली संख्या) चांगला आहे. तरी एचएचव्ही-८ विषाणूमुळे हे झालं म्हणतात. प्रतिकारशक्ती कुठे कमी पडली?

उत्तर : शंका रास्त आहे. सीडी४ चांगला असतानाही हा आजार होतो. एरवी हा विषाणू बी पेशींत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत) गप्प पडून असतो. इथे तो ग्रंथीतच जागा होतो. बायॉप्सीच्या काचेवर लाना या विषाणू-प्रथिनाची तपासणी केली, की बाधित पेशींच्या केंद्रकांत बारीक तपकिरी ठिपके दिसतात. रिपोर्टमध्ये ही तपासणी आहे ना, ते आवर्जून बघा. पुढचे उपचार तिच्यावर ठरतात.

तुमच्या सीडी८ टी पेशी, म्हणजे विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या पेशी, आंधळ्या नाहीत. एचएचव्ही-८ ओळखणाऱ्या टी पेशी अशा रुग्णांच्या रक्तात सापडल्या आहेत. पण बाधित पेशीच्या पृष्ठभागावरची, आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर दाखवणारी एमएचसी-१ प्रथिनं विषाणू काढून घेऊ शकतो, आणि त्यांच्याशिवाय टी पेशींना आत कोण लपलंय ते कळत नाही. शिवाय आयएल-६ या दाहकारक प्रथिनाची स्वतःची नक्कल तो बनवतो. आपल्या आयएल-६ला पेशीवर आधी स्वतःचा रिसेप्टर (त्याला धरणारं प्रथिन) लागतो, मग संदेश पेशीच्या आत नेणारं जीपी१३० हे प्रथिन. नकलेचं काम नुसत्या जीपी१३०वर भागतं. त्यामुळे एरवी शांत राहिल्या असत्या अशाही पेशी चेतवल्या जातात. ताप, रात्रीचा घाम, वाढलेली प्लीहा, खाली आलेलं हिमोग्लोबिन, या सगळ्यामागे हा आयएल-६चा मारा असतो.

प्रश्न : मग आयएल-६ अडवणारं सिल्टुक्सिमॅब मला का देत नाहीत?

उत्तर : ते मानवी आयएल-६ला पकडतं, विषाणूच्या नकलेला नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये मिळालेली मान्यताही एचआयव्ही आणि एचएचव्ही-८ दोन्ही नसलेल्या, अनेक ठिकाणी गाठी असलेल्या रुग्णांसाठी आहे. तुमच्या प्रकारात बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब वापरतात. अंगावर कपोसी सार्कोमाचे (याच विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरचे) जांभळट डाग असतील तर ते आधीच दाखवा. या औषधाने ते वाढू शकतात. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र बंद करू नका.

प्रश्न : सोबत प्रतिकारशक्ती वाढवणारं एखादं चूर्ण घ्यावं का?

उत्तर : कृपया नको. इथे दाह आधीच भडकलेला आहे. ताप परतला तर घरी थांबू नका. सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) आणि रक्तातलं एचएचव्ही-८चं प्रमाण दोन्ही तपासायला डॉक्टरांना सांगा.