ठाणे खाडीतील पुलाखालून शिडाची होडी कधी न्यावी?

होडीचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणाऱ्या भागाची खोली) १.६ मीटर आणि पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची १४ मीटर असताना गेटवेकडून ठाणे खाडीत, पुलाच्या पलीकडे जाण्याची वेळ कशी ठरवावी, असे आपण विचारले आहे. १४ मीटरमध्ये टोकावरचा अँटेना व वाऱ्याची दिशा दाखवणारे पाते धरले आहे ना, हे आधी पाहावे. बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो.

खरी अडचण अशी की डोलकाठीला ओहोटी हवी असते आणि कीलला, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याला, भरती. नकाशावर खोली नीचतम पाण्यापासून दिलेली असते, तर पुलाखालची मोकळी उंची बहुधा उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या) सरासरी भरतीपासून; नेमका आधार नकाशावरील टीपेत वाचावा. मुंबईत अपोलो बंदरावर ही भरती सुमारे ४.४ मीटर असते. समजा, पुलाखाली १२ मीटर आणि वाटेतल्या उथळ जागी १ मीटर असे आकडे आहेत. तर पूल नीचतम पाण्यापासून १६.४ मीटरवर आला. वर एक मीटर मोकळे ठेवायचे तर पाणी १.४ मीटरपेक्षा जास्त नको आणि कीलखाली अर्धा मीटर राखायचा तर १.१ पेक्षा कमी नको. म्हणजे आपल्या हाती फक्त ३० सेंटिमीटर उरतात.

शांत पाणी म्हणून भांगाचा, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते-उतरते तेव्हाचा, दिवस निवडण्याचा मोह होतो, पण भांगाची ओहोटी सरासरी १.९ मीटरवरच थांबते, त्यामुळे त्या दिवशी पूल ओलांडताच येत नाही. उधाणात पाणी ०.८ पर्यंत उतरते, म्हणून ही ३० सेंटिमीटरची संधी उतरताना एकदा आणि चढताना एकदा, प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास मिळते. मी उतरत्या पाण्यात वर जाईन, पलीकडे खोल जागी नांगर टाकून थांबेन आणि चढत्या पाण्यात परतेन. दोन्ही वेळा प्रवाह समोरून असल्याने होडी पुलाखाली ताब्यात राहते. जाताना चिखलात रुतलो, तरी पाणी आणखी फार उतरायचे नसते.

उरला उजेड. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, या कोकणातल्या जुन्या आडाख्याने अमावास्येची (पंधराव्या तिथीची) भरती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे सव्वापाचला, म्हणजे पहिली संधी अंधारात जाते. तृतीयेला भरती सव्वादोनला आणि ओहोटी सव्वाआठच्या सुमारास असल्याने दोन्ही संधी उजेडात बसतात. तरी शेवटचा शब्द छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाचाच.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा सौम्य असतो आणि दुपारी वायव्येचा वारा जोर धरतो, म्हणून दुपारपूर्वी गेटवेच्या वाटेला लागावे. वाऱ्याचा अंदाज १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या) वर असेल, तर मी पुलाखाली जाणार नाही आणि जून ते सप्टेंबर हा विषयच काढणार नाही. इंजिन मात्र आदल्या दिवशी चालवून पाहा, कारण पुलाखाली शिडांच्या भरवशावर जाऊ नये.