चमकणाऱ्या माशाची पिल्लं चमकतातच असं नाही!

प्रश्न : झेब्राफिशच्या अंड्यात जेलीफिशचा चमकणारा जीन टोचला की मासा हिरवा चमकतो असं वाचलं. मी म्हणतो मग त्याची सगळी पिल्लं चमकणार, मित्र म्हणतो एकही नाही. पैज लागलीय, निकाल द्या.

उत्तर : दोघंही हरलात, रागावू नका!

आधी टोचायचं कसं ते बघा. नर आणि मादी रात्रभर एकाच टाकीत पण मध्ये पडदा घालून ठेवतात, सकाळी लाइट लागला की पडदा काढायचा, थोड्या वेळात तळाशी शंभर-दोनशे अंडी, साबुदाण्यापेक्षाही बारीक आणि काचेसारखी आरपार. इथून खरी पळापळ, कारण नुकतं फळलेलं अंडं म्हणजे एकच पेशी, आणि पाऊण तासात तिच्या दोन होतात. त्याआत मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक काचेच्या सुईने तो जीन असलेला डीएनए आत सोडायचा, साधारण एक नॅनोलिटर, आणि तो आत गेलाय की नाही हे कळावं म्हणून त्यात लाल रंग मिसळलेला असतो. पेशीत इवलासा लाल ठिपका दिसला की पुढचं अंडं.

आता गंमत अशी की डीएनए आत गेला म्हणजे लगेच गुणसूत्रात जाऊन बसला असं होत नाही. तो तसाच तरंगत राहतो, पेशी तिकडे दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहतात, आणि मग कधीतरी एखाद-दुसऱ्या पेशीत तो चिकटतो, बाकीच्या कोऱ्याच. म्हणजे मोठा झालेला मासा गोधडीसारखा, इथे तुकडा चमकतोय, तिथे नाही. (याला मोझाइक म्हणतात, मला गोधडीच बरी वाटते.) आणि पिल्लांना काय मिळणार हे कातडी किंवा स्नायू ठरवत नाहीत, ते ठरतं बीजपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे अंडी किंवा शुक्राणू बनतात त्या पेशींवर. भ्रूण हजार पेशींचा झाला तरी पुढे बीजपेशी होणाऱ्या त्यात जेमतेम चार असतात! त्यांच्यात जीन बसला तरच पुढे जाणार. त्यामुळे अंगभर चमकणारा मासा पिल्लांना काहीच देत नाही आणि फिका दिसणारा देऊन जातो, असंही होतं.

म्हणून लॅबवाले दिसण्यावर विश्वास ठेवत नाहीत. टोचलेला प्रत्येक मासा साध्या माशाबरोबर सोडायचा आणि पिल्लं निळ्या उजेडाखाली एकेक तपासायची. नुसता डीएनए टोचला तर जीन पुढे देणारे मासे फारच थोडे निघतात. मेडाका माशात सापडलेला टोल-२ नावाचा उडता डीएनए वापरला की हेच प्रमाण निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही वर जातं, कारण तो जीनला गुणसूत्रात स्वतःच नेऊन चिकटवतो.

एकदा पिल्लाला जीन मिळाला की गोधडी संपली, त्याच्या प्रत्येक पेशीत तो असतो. असं पिल्लू तीनेक महिन्यांनी मोठं झालं आणि साध्या माशाशी जुळवलं की जीन एकाच जागी बसलेला असेल तर साधारण निम्मी पिल्लं चमकतात, आणि तशाच दोन भावंडांची जोडी लावली तर चारातली तीन. तेव्हा पैज टोचलेल्या माशावर असेल तर दोघं हरलात, त्याच्या नातवंडांवर लावली असती तर तुम्ही बरेच जवळ होतात.

प्रश्न : मग असे मासे नदीत सुटले तर?

उत्तर : सुटलेत की. शोभेचे चमकणारे झेब्राफिश ब्राझीलच्या ओढ्यांत सापडले, आणि तिथे त्यांचं प्रजननही चालू होतं. जीन घातलेल्या, खायच्या सॅमन माशाच्या बाबतीत मात्र आधीच काळजी घेतली होती. २०१५ साली अमेरिकेने खायला परवानगी दिलेल्या त्या सॅमनमध्ये दुसऱ्या जातीच्या सॅमनचा वाढीचा जीन आहे, तीन वर्षांची वाढ दीडेक वर्षात होते. विकायच्या माशांची अंडी फलनानंतर लगेच दाबाखाली ठेवायचे, त्याने गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच होतात आणि असा मासा जवळजवळ वांझ असतो, शिवाय सगळ्या माद्याच. म्हणजे जीन पुढे जावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धडपड करायची आणि विकताना तोच रस्ता बंद करायचा!