पंप मोठा घ्यायचा, की फट मोजायची?

वाचकांचे प्रश्न : इंजिन आणि तेल

प्रश्न : २००४ ची पेट्रोल जिप्सी आहे, ताडोबाकडच्या रस्त्यावर चालते. दोन वर्षांपूर्वी बोअर केला, हेड घासलं, हाय-लिफ्ट कॅम टाकला. क्रँकला हात लावला नाही. आता मे महिन्यात गाडी चांगली तापली की स्लोवर आइलचा लाल दिवा लुकलुक करते, रेस दिली की जाते. मिस्त्री म्हणते, हाय-व्हॉल्यूम पंप बसवा अन् २०डब्ल्यू-५० टाका, बाकी पाहायचं काम नाही. खर्च करू का जी?
— एक वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

उत्तर : एवढ्यात करू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'क्रँकला हात लावला नाही' हे आहे. म्हणजे क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंग जुनीच आहेत.

ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दर फेऱ्याला ठरलेलं तेल पुढे जातं आणि बेअरिंगच्या फटीतून निसटताना जेवढं अडतं तेवढा दाब काट्यावर दिसतो. म्हणून स्लोवर दाब पडला की पहिला संशय फटीवर घ्यायचा.

हिशेब करून बघा. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. बेअरिंगची फट ०.०४ मिमीवरून ०.०६ झाली, तर ती दीडपट झाली. पण त्याच दाबाला आणि त्याच तेलाला गळती दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ ३.४ पट झाली. हाय-व्हॉल्यूम पंप साधारण २०-२५ टक्के जास्त तेल देतो. ३.४ पट गळतीपुढे २५ टक्के म्हणजे फुटक्या माठाला मोठा पेला. जाड तेलाचंही तेच. १०० अंशांना ४० नंबरचं तेल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप) असतं, ५० नंबरचं १६.३ ते २१.९. फरक पडतो, दिवाही कदाचित विझेल, पण बेअरिंग होतं तिथेच राहील.

आधी खरा दाब बघा. दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) खाली लागतो, म्हणजे तो पेटला तेव्हा उशीर झालेला असतो. स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. इथे एक खबरदारी : जपानी इंजिनाचा हा आटा १/८ बीएसपीटी असतो, इंचाला २८ दाते. बाजारातले बरेच अ‍ॅडॉप्टर १/८ एनपीटीचे, २७ दात्यांचे. दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर लावला की ब्लॉकचा आटा जातो. हाताने तीन-चार फेरे सहज गेला तरच तो तुमचा.

वीस किलोमीटर चालवून, तेल तापल्यावर, स्लोवर आणि ३००० आरपीएमला आकडा लिहून घ्या. ढोबळ नियम असा : दर हजार आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो. ३००० ला २.१ किलोच्या वर हवं. तापलेल्या स्लोवर ०.७ ते १ किलो असेल तर झोप लागायला हरकत नाही. स्लोवर कमी आणि ३००० ला चांगला, तर फट वाढली किंवा तेल पातळ झालं. स्लोवर ठीक पण रेस देऊनही वर चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार चढला की तेल परत सोडणारा) स्प्रिंग सैल पडून लवकर उघडतोय किंवा चेंबरची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीची, जाळी तुंबली. काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतोय. हे शेवटचं तपासायला अर्धा लिटर जास्त तेल घालून फक्त स्लोवर बघा. काटा स्थिर झाला, तर सक्शन पाइपची ओ-रिंग किंवा पाइपची चीर बघायची. मग जास्तीचं तेल लगेच काढा. तसंच चालवलं तर क्रँक ते घुसळून फेस करते आणि फेसाला दाब नसतो.

तुमची लक्षणं पहिल्या प्रकारात बसतात. चेंबर उतरवा, एक मेन (क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगची) आणि एक बिगएंड (कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची) कॅप खोला. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) आणि बेअरिंग कोरडं पुसून प्लॅस्टिगेजचा, म्हणजे फट मोजायचा मऊ, हिरवा धागा (०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठीचा) जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप टॉर्कने कसा, क्रँक अजिबात फिरवू नका, पुन्हा खोला. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. अंगठ्याचा नियम : जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ४५ मिमीला ०.०४५. ०.०६ च्या वर गेलं असेल तर पैसा क्रँक घसाईत आणि अंडरसाइज बेअरिंगमध्ये घाला. पंप नंतर.

चेंबर उतरलंच आहे तर पंपही तपासा. जिप्सीचा पंप क्रँकच्या नाकावर, आत ट्रोकॉइड रोटर, म्हणजे एकात एक फिरणारे दोन दातेरी रोटर. रोटर बसवून वर सरळ पट्टी ठेवा आणि फिलर गेज घाला : बाजूची फट ०.१५ मिमीच्या वर, किंवा बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात ०.३१ च्या वर गेलं असेल तर पंप बाद. बॉडीला खोल ओरखडे असतील तर मोजायचीही गरज नाही. आपल्याकडे वणी-भद्रावतीच्या कोळशाच्या धुळीत हे ओरखडे लवकर येतात. एअर फिल्टरच्या होजची क्लिप आधी बघा.

आणखी एक उद्योग सर्रास चालतो : रिलीफ स्प्रिंगमागे वॉशर टाकून ती कडक करणं. स्लोवर हा व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे तुमच्या दुखण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट स्प्रिंग पूर्ण दबून बसली तर व्हॉल्व्ह उघडायला जागाच उरत नाही आणि डिसेंबरच्या पहाटे थंड तेलावर रेस दिली की फिल्टर फाटतो.

हाय-व्हॉल्यूम पंप चुकीची वस्तू नाही. वाट वाढवली असेल, म्हणजे ऑइल कूलर, टर्बोची फीड, पिस्टनखाली जेट असं काही जोडलं असेल, तर तो हवाच. उगाच बसवला तर जास्तीचं तेल रिलीफमधून परत फिरतं, तापतं, आणि ताकद खातं. बसवलाच तर सक्शनची जाळी चेंबरच्या तळापासून ६ ते १० मिमीवर ठेवा. चिकटली तर तोंड बंद, फार वर राहिली तर ब्रेक मारला की हवा.

तेल : नवतप्यात २०डब्ल्यू-५० या इंजिनाला चालेल. '२०डब्ल्यू'ला घाबरू नका, त्याची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते. आपल्याकडे तसं होत नाही. तुमच्या इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासत चालतो, त्यात हाय-लिफ्ट कॅम आणि कडक स्प्रिंग, म्हणून तेलात झिंक-फॉस्फरस पुरेसं हवं. एसएन, एसपी (डब्यावर लिहिलेली पेट्रोल इंजिनाच्या तेलाची प्रत) प्रतीच्या पातळ ग्रेडांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. ४० आणि ५० नंबरच्या तेलांना ती लागू नाही. म्हणजे 'नवीन गाडीचं भारी' म्हणून कुणी ५डब्ल्यू-३० दिलं तर घेऊ नका. दर ५,००० किलोमीटरला बदला.

प्रश्न : जुन्या डिझेल जीपला टर्बो बसवला. चिखलदऱ्याचा घाट चढून वर थांबलो की निळा धूर येतो. सील गेलं, दुसरा टर्बो घ्या म्हणतात. पंपही बदलावा लागते का? तेल कोणतं?
— एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती

उत्तर : टर्बोत रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. तेल खाली मोकळं वाहून गेलं तरच ती तेल अडवते. म्हणून आधी रिटर्न पाइप बघा : आतून १६ ते १९ मिमी, टर्बोपासून सरळ उतरता, कुठेही झोळ नाही, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला. पाइप कोपऱ्यात वर चढत असेल किंवा जोड तेलात बुडालेला असेल, तर नवा टर्बोही पहिल्याच घाटात धूर सोडेल. पाइप ठीक असेल तर ब्रीदर (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी वाट) बघा. रिंगा गेलेल्या इंजिनात चेंबरमधला गॅस तेलाला खाली येऊ देत नाही.

पंपाचं उत्तर गेजवर. टर्बोची फीड जोडल्यावर तापलेल्या इंजिनाला ३००० आरपीएमला २ किलोच्या वर दाब राहत असेल तर जुना पंप पुरे. नसेल, आणि बेअरिंगची फट ठीक निघाली, तर इथे मोठा पंप खरोखर कामाचा. तेल १५डब्ल्यू-४०, डिझेल इंजिनाच्या सीआय-४ प्लस किंवा सीके-४ प्रतीचं. घाट चढून आल्यावर दीड-दोन मिनिटं स्लोवर ठेवून मग बंद करा. टर्बोत उभं राहिलेलं तेल जळून कोळसा होतो आणि पुढच्या वेळी तोच फीड अडवतो.

जाता जाता : आरसी बुकाच्या बाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो. अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिलं बॉनेट उघडतो.

प्रश्न : घरी ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आहे. जीपच्या इंजिनात चालेल का?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डबा कसला ते वाचा. गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेकचं तेल असेल तर थेंबही नको. त्यात काजळी धरून ठेवणारी द्रव्यं नसतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ असेल, डब्याचं सील शाबूत असेल, तर डिझेल जीपला बेलाशक टाका.

प्रश्न : इंजिन काम होऊन दीड महिना झाला, गॅरेजमध्ये तसंच पडून आहे. पेट्रोल, एमपीएफआय. आता चालू करताना काय पाहावं?
— एक वाचक, देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : पंप कोरडा पडलेला असेल. कोरडा पंप तेल ओढत नाही आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात नवीन बेअरिंग चिरतात. पंपाचं झाकण उघडणं शक्य असेल तर रोटरच्या पोकळीत साधी व्हॅसलीन भरा. ग्रीस नको, ते विरघळत नाही आणि बारीक भोकांत बसतं. चेंबर बसवताना सिलिकॉनची धार बारीक ठेवा. आत दबलेली शेवयांसारखी लड तुटते आणि जाळीवर जाऊन बसते.

फिल्टर तेलाने भरून लावा. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. दहा सेकंद स्टार्टर, अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. गेजचा काटा उचलला आणि रॉकरवर तेल दिसलं की प्लग लावा. सहा-सात वेळा करूनही काटा हलला नाही तर थांबा, सक्शन उघडा. सुरू झाल्यावर, कॅम नवा असेल तर लगेच १५०० ते २००० आरपीएमवर वीस मिनिटं. स्लोवर ठेवू नका, कमी फेऱ्यांत लोबवर तेल कमी उडतं.

पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढा आणि फिल्टर कापून बघा. हॅकसॉने नको, तिचाच बुरादा आत जातो; फिल्टर कटर किंवा पत्र्याची कात्री वापरा. घड्या उलगडून पांढऱ्या कागदावर उन्हात धरा. चुंबकाला चिकटते ती बारीक काळी भुकटी नव्या रिंगांची, ती थोडी येणारच. न चिकटणारे चकचकीत पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे, गाडी तिथेच उभी करा.