मांगरात थंड खोली, तीसुद्धा बीअरसाठी

प्रश्न: आमच्या घरामागे चिऱ्यांचा जुना मांगर आहे, तिथे मी हौस म्हणून बीअर करतो, २० लिटरची बॅच. थंडीत ठीक होते पण शिमगा झाला की बिघडते, पिकल्या केळ्याचा वास मारते आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. आता मांगरातच आत चालत जाता येईल अशी थंड खोली करायचं डोक्यात आहे, साधारण २ बाय २ मीटर. मेव्हणा म्हणतो थर्माकोल चिकटव, एक जुना एसी ठोक, झालं काम. खरंच होईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: मेव्हण्याचं अर्धं बरोबर आहे. एसी चालेल, थर्माकोलचं बघू. पण आधी हे सांगा की खोली किती थंड हवीय? केळ्याचा वास, डोकं धरणं, हे सगळं यीस्ट गरम झाल्याचं लक्षण. एल प्रकारच्या, म्हणजे जरा उबेत आंबणाऱ्या बीअरला १८ ते २० डिग्री लागतात आणि एवढं तर साधा एसी कसलाही जुगाड न करता देतो. महिन्याला एखादीच बॅच करत असाल तर खोलीसुद्धा नको, जुना फ्रिज घ्या, त्याला बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावा आणि त्याचा प्रोब (टेम्परेचर मोजणारं टोक) फर्मेंटरच्या, म्हणजे बीअर आंबवायच्या भांड्याच्या, अंगाला टेपने चिकटवून वर फोमचा तुकडा ठेवा, कारण जोरात आंबत असताना आतली बीअर बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार डिग्री गरम असते आणि लोक नेमकं हवेचं टेम्परेचर बघत बसतात. तेही नको असेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट मागवा, ते ३० ते ४० डिग्रीत मजेत काम करतं, आपल्या मे महिन्यासाठीच केलंय असं वाटावं.

लागर, म्हणजे थंडीत आंबवायची बीअर, करायची असेल किंवा तीन-चार फर्मेंटर आणि केग (तयार बीअरचे पिंप) एकत्र ठेवायचे असतील तरच खोलीचा खर्च वसूल होतो. लागर आंबताना ९ ते १३ आणि नंतर मुरायला ० ते ४ डिग्री लागते, आणि घरगुती एसी साधारण १६ च्या खाली जात नाही. त्याला फसवावं लागतं. एसीत दोन सेन्सर असतात, एक खोलीची हवा मोजतो, दुसरा कॉइलवर असतो. हवेच्या सेन्सरला अगदी छोटा हीटर लावायचा आणि तो एसटीसी-१००० सारख्या कंट्रोलरवर चालवायचा, म्हणजे एसीला वाटतं खोली अजून गरमच आहे आणि तो थंड करत राहतो. परदेशात कूलबॉट नावाचं तयार यंत्र हेच करतं, वर कॉइलच्या पात्यांत आणखी एक सेन्सर घालून बर्फ धरायला लागला की कॉम्प्रेसर थांबवतं. हे दुसरं काम विसरायचं नाही, नाहीतर पात्यांवर बर्फाची लादी बसते, हवा जात नाही आणि एसी चालू असून खोली गरम. कॉइलच्या मूळ सेन्सरला हात लावू नका. एसी साधा घ्या, इन्व्हर्टर एसीचा बोर्ड असल्या फसवाफसवीत गोंधळतो. विंडो एसी बरा, पण त्याची मागची बाजू मांगराच्या बाहेर मोकळ्या हवेत आली पाहिजे, आतच गरम हवा सोडलीत तर मांगर भट्टी होईल.

आता थर्माकोल. हिशोब करून बघू. २ बाय २ आणि उंची २.२ मीटर, बाहेर ३३ डिग्री, आत ६. चारी बाजूंनी, वर आणि खाली ८० मिमी पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) असेल तर भिंतींतून साधारण २०० वॅट उष्णता आत येते. ५० मिमी थर्माकोल असेल तर ५०० वॅट. एक टनाचा एसी दोन्ही खेचेल, फरक बिलात दिसेल. पण थर्माकोलवर माझा राग आहे तो बिलासाठी नाही, तो पाणी पितो म्हणून. आपल्याकडे थंड खोलीची खरी वाट लावतो तो दमटपणा. पावसाळ्यात ३० डिग्री आणि ८५ टक्के ओल असली की २७ पेक्षा गार कुठल्याही वस्तूवर पाणी सुटतं, आणि ती ओल गरमीकडून थंडीकडे, म्हणजे बाहेरून आत, भिंतीतून सरकत असते. म्हणून प्लास्टिकचा जाड कागद इन्सुलेशनच्या बाहेरच्या अंगाला हवा, सांधे अॅल्युमिनियम टेपने बंद. पुष्कळ जण तो आतून लावतात, मग ओल थर्माकोलमध्ये येऊन अडकते, गणपतीची चवथ येईपर्यंत काळी बुरशी धरते आणि थंडावा पण जातो. चिरा तर पाणी शोषणारा दगड, त्याला थेट काही चिकटवू नका, भिंतीपासून चार बोटं सोडून खोली वेगळी उभी करा, वाळवी लागली तरी दिसेल.

पफ पॅनल नवीन महाग पडतात, पण कोल्ड स्टोरेज मोडलं की भंगारात चांगली मिळतात. घेताना एक-एक उचलून बघा. सारख्याच मापाच्या पॅनलमध्ये एखादं जड लागलं तर त्यात पाणी गेलंय, सोडून द्या. कडेला फोम पिवळट भुसभुशीत दिसला तरी सोडा. सांधा लावताना आत सिलिकॉन भरा, आणि लोखंडी फ्रेम आतून बाहेर आरपार जाऊ देऊ नका, तिथे घाम फुटतो. जमिनीखाली एक्सपीएसचा (न चेपणाऱ्या घट्ट फोमचा) जाड थर, वर सिमेंटची लादी, तिथे थर्माकोल चेपतो. दरवाजाचा रबर तपासायला दहाची नोट मध्ये धरून दार लावा, नोट सहज सुटून आली तर तिथून हवा जातेय. एसीतून पावसाळ्यात बादलीभर पाणी निघेल, त्या नळीला यू वाकण द्या, नाहीतर तिथूनच गरम हवा आत शिरते.

आता जिवाचं बोलतो, हे हलक्यात घेऊ नका. २० लिटर ५ टक्क्यांच्या बीअरमधून साधारण ७५० ग्रॅम, म्हणजे ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. तुमची खोली ८,८०० लिटरची. दोन फर्मेंटर एकदम आंबले आणि खोली तुम्ही मन लावून हवाबंद केलेली असली की आतली हवा ९ टक्क्यांकडे जाते, आणि ४ टक्क्यांलाच ती जिवाला धोकादायक धरतात. विंडो एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. म्हणून प्रत्येक फर्मेंटरच्या एअरलॉकची (गॅस बाहेर सोडणाऱ्या बुचाची) नळी पॅनलमधून बाहेर काढून पाण्याच्या बाटलीत सोडा, आत कार्बन डायऑक्साइडचा मीटर टांगा आणि दाराला आतून ढकलून उघडणारी कडी लावा. बाहेरून कुलूप घालायची सवय असेल तर ती मोडा. वायरिंगला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, ओल्या जागेत तो नसेल तर मी आत पाऊल टाकणार नाही.

आणि हो, परवाना. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा आहे, लायसन्सशिवाय दारू करता येत नाही, काजूच्या भट्टीलासुद्धा परवाना लागतो. घरच्यापुरती आहे म्हणून चालेल असं धरून बसू नका, पैसे घालायच्या आधी अबकारीच्या तालुका कचेरीत विचारून या.

प्रश्न: आमची पण अशीच खोली होतेय. काजूच्या सीझनला नीरो (बोंडांचा ताजा रस) आणि मग मानकुराद आंबे त्यातच ठेवले तर चालतील?
– एक वाचक, साखळी

उत्तर: नीरो चालेल, ४ डिग्रीला आंबणं मंदावतं, थांबत नाही, म्हणून झाकण घट्ट लावू नका. आंबा नको. १२-१३ डिग्रीच्या खाली तो थंडीने बिघडतो, सालीवर काळे डाग येतात, मग बाहेर काढला तरी नीट पिकत नाही. मानकुरादचं असं करवणार नाही मला तरी.

प्रश्न: वीज गेली तर? आणि बिल किती येईल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: वर सांगितलेल्या पफच्या खोलीत १०० लिटर बीअर असेल तर सुरुवातीला तासाला दीड-पावणेदोन डिग्रीने चढेल. मोकळ्या जागेत पाण्याचे कॅन भरून ठेवा, तेवढा वेग कमी होतो. दोन तास वीज गेली म्हणून बीअरला काही होत नाही, एसीसाठी बॅटरी इन्व्हर्टर घेऊ नका. वीज परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू होता कामा नये, कंट्रोलरमध्ये ३ मिनिटांचा डिले ठेवा आणि स्टॅबिलायझर लावा. बिलाचं म्हणाल तर दार कितीदा उघडता त्यावर आहे, माझ्या अंदाजाने दिवसाला पाच-सहा युनिट धरा, पावसाळ्यात थोडं जास्तच.