हितसंबंध, देणगी आणि नाल

प्रश्न असा आलाय की ब्रिटनमधल्या जुगाराच्या संशोधनावर एका मराठी लेखात 'लेखकांचे हितसंबंध नाहीत' असं वाचलं, तर कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टला हितसंबंध चालेल का. नाही चालणार. हितसंबंध सगळ्यांनाच असतात, ते कामाच्या आड आले की हितसंघर्ष. झालं.

मला जास्त खटकतो तो 'देणगी'. 'कंपन्यांच्या देणगीतून संशोधन', सारखं ऐकतोय! देणगी देवळाला देतात हो. ब्रिटनमध्ये गॅम्बलअवेअरसारख्या, जुगारामुळे होणारं नुकसान रोखायचं काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांना कंपन्या 'ऐच्छिक' पैसे द्यायच्या, आकडा कंपनीच ठरवणार आणि त्यातूनच अभ्यास व्हायचे.

या पैशाला आपल्या अड्ड्यावरचा चोख शब्द आहे, नाल. तीन पत्तीचा डाव संपतो, जिंकलेला पैसे ओढणार तेवढ्यात अड्डेवाल्याचा पोऱ्या एक नोट उचलून डब्यात टाकतो, तो नाल. मालक खेळत नाही म्हणून हरतही नाही. जुगाराच्या खटल्यांत हा शब्द हमखास येतो, कारण 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जागावाल्याचा फायदा हाच कळीचा मुद्दा.

काही जण हा संस्कृत नाल म्हणजे देठ, नळी, तिथून पैसा झिरपतो असं सांगतात. साफ चूक! नळीतून झिरपतं, इथे तर नोट उचलून घेतात. हा अरबी नअल, म्हणजे घोड्याच्या टापेचाच नाल. मराठेशाहीत शिलेदाराला घोडदळासाठी आगाऊ रक्कम मिळायची ती नालबंदी, नाव नालांचं पण त्या पैशाने माणूस बांधला जायचा, आणि माझं ठाम मत आहे की अड्ड्यावरचा नाल याच नालबंदीतून आला, कोशकारांनी हा दुवा धरायलाच हवा होता. संशोधकांचंही तेच. 2014 मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ रिबेका कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी अहवालात हेच मांडलं, पैसा आणि माहिती दोन्ही उद्योगाच्या हातात म्हणून संशोधनाचे प्रश्नही उद्योगाला सोयीचे.

एप्रिल 2025 पासून तिथे सक्तीची लेव्ही, म्हणजे सरकारी वसुली आहे, जिंकणाऱ्यांचे पैसे देऊन कंपनीकडे उरलेल्या जुगाराच्या उत्पन्नावर 0.1 ते 1.1 टक्के, त्यातले 20 टक्के संशोधनाला, आणि पैसा वाटणार सरकारी यंत्रणा. म्हणजे डबा अड्डेवाल्याच्या हातातून गेला, आता हा नाल नाही. आणि कृपा करून याला 'अनिवार्य देणगी' लिहू नका, घरपट्टी, पाणीपट्टी तशी ही जुगारपट्टी.